थकवा नामंजूर

बस मंडळाच्या अध्यक्षांनीच बसप्रवासाने माणूस निकामी होतो असं जाहीर करावं, हा योग दुर्मिळ. तो डेपोच्या जेवणाच्या खोलीत, दुपारच्या पाळीचे डबे उघडत असताना जमून आला. अध्यक्षसाहेब उभे होते. समोरच्या बाकांवर मंडळाची महिला बास्केटबॉल टीम बसली होती. बहुतेक सगळ्या कंडक्टर, एक तिकीट खिडकीवरची आणि एक वर्कशॉपमधली फिटर. खिडकीवरच्या मुलीला सगळे खिडकीच म्हणत. फिटरला खांब म्हणत, कारण ती बास्केटखाली उभी राहिली की तिच्या डोक्यावर दिवा बसवावा असं कुणालाही वाटे.

"यात तुमची चूक नाही," साहेब म्हणाले.

ते इतक्या मायेने म्हणाले की आपलं काहीतरी जाणार आहे, हे बायकांना लगेच कळलं.

प्लेऑफ पाच सामन्यांचा होता. आधी तीन जिंकेल तो अंतिम फेरीत. पहिले दोन सामने डेपोमागच्या हॉलमध्ये झाले आणि ते बायकांनी जिंकले. नुसते जिंकले नाहीत, समोरच्या टीमला घाम पुसायला सवड दिली नाही. पुढचे दोन मोठ्या शहरात, मंडळाचं मुख्यालय असलेल्या गावी. तिथे जायला बसने सबंध दिवस जातो. ते दोन्ही हरल्या. पाचवाही तिथेच होणार होता, कारण साखळी सामन्यांत तिथली टीम पहिली आली होती.

"इथे जिंकता, तिथे हरता. मधे काय आहे?" साहेबांनी विचारलं आणि कुणी उत्तर देण्याआधी स्वतःच दिलं. "प्रवास आहे."

पुराव्यादाखल त्यांनी एक डॉक्टर आणले होते. खेळाडूंच्या प्रवासावर त्यांनी अभ्यास केला होता. बारीक, चष्मेवाले, बोलण्याआधी घसा साफ करणारे. माणूस प्रामाणिक होता, आणि पुढे साहेबांची खरी अडचण तीच झाली.

"मी सामन्यांचं चित्रीकरण पाहिलं," डॉक्टर म्हणाले. "समोरच्यांनी बास्केट केली की तुम्ही चेंडू उचलता आणि पळत सुटता. तुमचा सगळा खेळ त्या पळण्यावर आहे. इथे तुम्ही लगेच सुटता. तिथे प्रत्येक वेळी क्षणभर अडकता. पाय उचलत नाहीत. याला प्रवासजन्य थकवा म्हणता येईल."

"म्हणता येईल, की आहे?" मागच्या बाकावरून प्रश्न आला.

"म्हणता येईल," डॉक्टर म्हणाले.

"आहे," साहेब त्याच वेळी म्हणाले.

प्रश्न कॅप्टनचा होता. तिला सगळे सुट्टेताई म्हणत. गाडीत ती दिवसभर प्रवाशांकडे सुट्टे मागे, आणि कोर्टवर चेंडू हवा असला तरी तिच्या तोंडून "सुट्टे दे!" हेच निघे. समोरच्या टीमला वाटे ही काहीतरी गुप्त चाल आहे. ताईचं वय टीममध्ये सगळ्यांत जास्त होतं, आणि उजवा गुडघा तिच्याहूनही म्हातारा झाला होता.

साहेबांनी मग योजना सांगितली. पाचव्या सामन्याला टीम विमानाने जाईल. आणि पुढच्या हंगामापासून टीम कायमची मुख्यालयात हलेल. तिथे हॉल आहे, वसतिगृह आहे, प्रवासाचा प्रश्नच मिटला.

"आणि इथल्या हॉलचं काय?" खांबने विचारलं.

"टायर ठेवायला जागा कमीच पडते आहे."

"आणि आमचं?"

"तिकडे कंडक्टर भरपूर आहेत हो. नवीन मुली घेऊ. उंच, मोकळ्या." साहेबांनी हाताने उंची दाखवली. मोकळ्या म्हणजे काय ते दाखवलं नाही, पण ज्यांच्या घरी मुलं आणि सासवा होत्या त्यांना ते समजलं.

बाहेर पडताना साहेबांनी ताईला नळापाशी गाठलं. "तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमच्यासाठी मी वेगळा विचार केलाय. क्रीडा अधिकारी. केबिन, खुर्ची, गुडघ्याला आराम. फक्त सामना झाल्यावर पत्रकार विचारतील, तेव्हा एवढं सांगायचं, की प्रवासाने टीम थकते. कॅप्टनच्या तोंडून आलं की वजन पडतं."

"आणि जिंकलो तर?"

"तर म्हणायचं, विमानाने आलो म्हणून."

ताईने डबा धुतला, उपडा केला, झटकला. "बघते," ती म्हणाली.

घरी तिने ही गोष्ट सासूबाईंना सांगितली. नवरा बेकरीत पहाटेच्या पाळीला जायचा म्हणून संध्याकाळीच डोळे मिटून पडायचा; घरातले सगळे महत्त्वाचे निर्णय त्यामुळे सासू-सून भाजी निवडताना घेत. सासूबाई टीमच्या गावातल्या एकूण एक सामन्याला हजर असत आणि पंचांना त्यांच्या आईवडिलांविषयी प्रश्न विचारत.

"खुर्ची फिरणारी आहे का?" सासूबाईंनी विचारलं.

"असेल."

"मग नकोच. माणूस तीत बसतो आणि जागच्या जागी फिरत राहतो. वाटतं, कुठेतरी चाललोय."

"आई, चेष्टा नाही. गुडघ्याचं हे शेवटचंच वर्ष. नाहीतरी मी खेळणार नाहीच."

"तू नाही खेळणार. पण आपली पोरगी रोज संध्याकाळी त्या हॉलमध्ये जाते, तिने काय टायरांत चेंडू टाकायचा?" सासूबाईंनी एक किडकी शेंग बाजूला फेकली. "आणि मला एक सांग. तुम्ही थकला होतात का तिथे?"

ताई विचारात पडली. गंमत अशी, की हा प्रश्न तिला अजून कुणीच विचारला नव्हता. साहेबांनी नाही, डॉक्टरांनीही नाही.

"नाही," ती म्हणाली. "पळायचं होतं. पाय पळत नव्हते. पण थकवा नव्हता, आई. पाळी संपल्यावर मी जशी थकते ना, तो मला ओळखता येतो. हा तो नव्हता."

"मग दुसरं काहीतरी असेल. शोध."

दुसऱ्या दिवशी सरावाला ताईने सगळ्यांना हॉलच्या पायऱ्यांवर बसवलं. कोच बाजूला उभे होते. ते शाळेतून निवृत्त झालेले कवायतीचे सर, मुळात कमी बोलणारे आणि बोललेच तर शिट्टीतून.

"नीट ऐका," ताई म्हणाली. "विमानाने गेलो आणि जिंकलो, तर ठरलं, की बसने थकत होतो. टीम हलणार. विमानाने गेलो आणि हरलो, तर ठरलं, की आपल्यात काही राहिलं नाही. टीम हलणार. मग विमानात बसून करायचं काय?"

"खिडकीजवळची जागा मिळते," खिडकी म्हणाली. "पण मी सोडते तिच्यावर पाणी."

"मी एकदाही बसलेली नाही गं विमानात," खांब हळहळली. "पाय मावतात का, ते तरी बघितलं असतं."

"बसने जायचं," ताई म्हणाली. "आपल्या बसने, आपल्या ड्रायव्हर काकांबरोबर. आणि तिथे असं पळायचं की थकवा हा शब्द काढायला कुणाची जीभ धजली नाही पाहिजे. जिंकू न जिंकू, ते नंतर."

सरांनी शिट्टी वाजवली. याचा अर्थ मान्य.

साहेबांना निरोप गेला. साहेब आधी हसले, मग चिडले, मग त्यांच्या लक्षात आलं की बसने येऊन हरल्या तर आपलं काम सोपंच आहे. "जाऊ देत," ते म्हणाले. "डॉक्टर, तुम्हीही बसने जा त्यांच्याबरोबर. थकवा प्रत्यक्ष मोजा. म्हणजे कुणी शंका घ्यायला नको." स्वतःचं विमानाचं तिकीट मात्र त्यांनी कायम ठेवलं.

टीमची बस डेपोतली सगळ्यांत जुनी होती. नव्या गाड्यांत बटण दाबलं की दिवा लागतो. हिच्यात अजून छतालगत दोरी होती आणि दोरीच्या टोकाला ड्रायव्हरच्या डोक्यावर बेल. ड्रायव्हर काका बसच्याच वयाचे. दोघांनीही निवृत्तीचा विषय टाळला होता.

सकाळी निघाले. डॉक्टरांनी प्रत्येकीच्या मनगटाला नाडी मोजायची पट्टी बांधली, डोळ्यांवर ओढायच्या पट्ट्या वाटल्या आणि शक्यतो बोलू नका अशी सूचना केली. शेवटच्या सूचनेवर टीम इतकी मोठ्याने हसली की काही पट्ट्यांवर आकडे वर गेले. घाट लागेपर्यंत सगळ्यांच्या नाड्या व्यवस्थित होत्या. घाटात एकच माणूस पांढरा पडला, त्याने पिशवी मागितली आणि खिडकीबाहेर डोकं काढून तो बराच वेळ देवाचं नाव घेत राहिला. प्रवासजन्य थकव्याचा दिवसभरातला एकमेव पुरावा म्हणजे खुद्द डॉक्टर. खांबने त्यांना लिंबू चोखायला दिलं.

"डॉक्टर, मागच्या बाजूला बसू नका. चाकावर धक्के बसतात," ती म्हणाली. "पुढे या, काकांच्या मागे."

घाट उतरल्यावर ताई म्हणाली, "चौथा सामना लावा. सगळ्यांना ऐकू येऊ दे."

खिडकीने फोन गाडीच्या स्पीकरला जोडला. पडद्यावर सामना, आणि गाडीभर त्या हॉलचा गोंगाट. त्या शहरातल्या प्रेक्षकांची एक रीत होती. त्यांच्या टीमने बास्केट केली की वरच्या रांगेतला एक गृहस्थ शाळेत असते तशी पितळी बेल एकदा वाजवी. एकच ठोका, मग टाळ्या.

पडद्यावर पहिली बास्केट झाली. स्पीकरमधून टण्ण आवाज आला.

काकांनी ब्रेक मारला.

डबे घसरले, लिंबू गडगडत ड्रायव्हरच्या पायाशी गेलं, डॉक्टर पुढच्या आडव्या दांडीवर आदळले.

"काय झालं, काका? जनावर आडवं आलं का?"

"बेल कुणी दिली?" काकांनी मागे वळून विचारलं. "उतरायचंय कुणाला?"

"कुणाला नाही हो. फोनमधली आहे. चला."

गाडी निघाली. पुन्हा बास्केट, पुन्हा टण्ण, पुन्हा ब्रेक. या वेळी काकांनी स्वतःलाच शिवी दिली. "पाय ऐकत नाही. एक बेल आली की तो आपोआप जातो. एवढी वर्षं त्याला हेच शिकवलंय."

खांब म्हणाली, "आवाज कमी कर गं, नाहीतर आपण उद्या पोहोचू."

"कमी करू नकोस," ताई म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. ती जागेवरून उठून मधल्या वाटेत उभी राहिली होती. "परत लाव. पडद्याकडे बघू नका कुणी. माझ्या पायांकडे बघा."

टण्ण.

काकांनी दातओठ खाऊन ब्रेक टाळला. गाडी सरळ जात राहिली. आणि मधल्या वाटेत उभ्या असलेल्या ताईचे दोन्ही पाय फाकले, गुडघे किंचित वाकले, अंगाचा भार मागे गेला. एक बेल म्हणजे गाडी थांबणार, आणि गाडी थांबणार म्हणजे कंडक्टरने पाय रोवायचे. नाहीतर ती तिकिटांसकट प्रवाशाच्या मांडीवर जाते. हे कुणी शिकवत नाही. पहिल्या आठवड्यात दोन-तीन अनोळखी मांड्यांवर बसून झालं की येतं.

सगळ्यांनी आपापल्या पायांकडे पाहिलं.

"म्हणजे आपण," एक कंडक्टर हळूच म्हणाली, "भर सामन्यात गाडी थांबायची वाट बघत होतो?"

"मी तर वर्कशॉपमधली," खांब म्हणाली.

"वर्कशॉपमध्ये एक बेल म्हणजे काय?"

"हात बाजूला, सगळं जिथल्या तिथे," खांबने सांगितलं आणि कपाळावर हात मारला.

खिडकी मात्र उसळली. "आणि मला शिव्या! तिथे प्रत्येक बास्केटनंतर मी पळायचे, चेंडू मागायचे आणि मागे बघते तर तुम्ही सगळ्या पुतळे! मध्यंतरात काय म्हणालात मला? एकटीच कुठे पळतेस, स्वतःला काय समजतेस! माझ्या खिडकीत बेल नाही ना, म्हणून पळत होते मी!"

"चुकलं गं बाई."

"सगळ्यांनी म्हणा."

सगळ्यांनी म्हटलं. डॉक्टरांनी लिंबू तोंडातून काढलं होतं आणि ते ताईच्या पायांकडे असं बघत होते, की जणू त्यांना आयुष्यात प्रथमच पाय दिसले होते. "पुन्हा एकदा लावता का?" त्यांनी विनंती केली. पुन्हा लावलं. पाय पुन्हा रोवले गेले. "मी मोजलं ते बरोबर होतं," ते पुटपुटले. "नाव चुकीचं दिलं." मळमळ त्यांची थांबली होती.

"विमानाने गेलो असतो तर?" खांब म्हणाली.

"तर नुसतं लिंबूपाणी मिळालं असतं," ताई म्हणाली.

आता इलाज काय? एका दिवसात सवय मोडत नाही. डॉक्टरांनी कानात घालायचे बोळे सुचवले. पण मग एकमेकींचं ओरडणं ऐकू कसं येणार, आणि ओरडण्याशिवाय ही टीम खेळणार कशी? कुणी म्हणालं, त्या गृहस्थाची बेल पळवू. सरांनी नकाराची शिट्टी वाजवली.

काका आरशातून बघत होते. "दोन बेल आल्या की काय करता?" त्यांनी विचारलं.

दोन बेल म्हणजे गाडी सुटणार. अंग आपोआप पुढे झुकतं, टाचा उचलल्या जातात.

"एक ते देतील," काका म्हणाले. "दुसरी मी देतो."

सामना दुसऱ्या दिवशी दुपारी होता. हॉलच्या दारावर सुरक्षारक्षकाने काकांच्या पिशवीत हात घातला आणि बसची बेल बाहेर काढली.

"हे काय? वाद्य आणायला बंदी आहे."

"वाद्य नाही. गाडीचा सुटा भाग आहे. काढून नाही आणला तर इथे चोरीला जातो."

"आत वाजवणार का?"

"वर एकजण वाजवतो ना, त्याच्या आधी नाही वाजवणार," काका म्हणाले. हे अक्षरशः खरं होतं, आणि रक्षकाला त्यात गैर काही सापडलं नाही.

काका आणि डॉक्टर शेजारी बसले. साहेबांची खुर्ची रिकामी होती. मधल्या कुठल्यातरी विमानतळावर धुकं होतं आणि साहेब तिथल्या बाकावर, प्रवास करत होते.

सुरुवातीलाच समोरच्या टीमने बास्केट केली. वरून ठोका पडला: टण्ण. डेपोच्या बायकांचे पाय रोवले जाणार, तेवढ्यात खालच्या रांगेतून दुसरा ठोका आला: टण्ण.

अंगं पुढे झुकली. खांबने चेंडू उचलून फेकला, ताईने झेलला, खिडकी तिकडे पोहोचलीच होती, आणि या वेळी तिने मागे वळून पाहिलं तर सगळ्या तिच्या मागे धावत येत होत्या. समोरच्या मुली अजून एकमेकींना टाळ्या देत होत्या. बास्केट.

"सुट्टे घ्या!" ताई ओरडली.

पुढे सामनाभर हेच चाललं. ते टण्ण, काका टण्ण, आणि डेपो पळाला. वरच्या गृहस्थाला थोड्या वेळाने संशय आला. त्याने आपली बेल थांबवली. काका गप्प. एकट्याने एकच ठोका द्यायचा नाही, एवढं भान त्यांना होतं. आणि बेलच नसली तर बायकांना पळायला कुणाची परवानगी लागत नव्हतीच. गृहस्थाने बुचकळ्यात पडून पुन्हा वाजवायला घेतली.

समोरची टीम चांगली होती, हे मान्य करायला हवं. उंच होत्या, नेम पक्का होता, आणि त्या आपल्या हॉलमध्ये होत्या. त्या दमल्या, पण चुकल्या नाहीत. तिसऱ्या सत्रात त्यांच्या कोचने केवळ श्वास घ्यायला म्हणून खेळ थांबवून घेतला. त्यांच्या मुली गुडघ्यांवर हात टेकून उभ्या होत्या आणि डेपोच्या बायका त्यांच्यासमोर उगाच जागच्या जागी उड्या मारत होत्या. यात थोडा दुष्टपणा होता. तो ताईने सांगून करवला होता.

याच सुमारास साहेब आले. कोट चुरगळलेला, मान एका बाजूला अवघडलेली, डोळे लाल. डॉक्टरांनी त्यांना पाहिलं आणि सवयीने नाडी बघायला हात पुढे केला. साहेबांनी तो झटकला.

शेवटचे काही क्षण उरले तेव्हा डेपो दोन गुणांनी मागे होता. ताई चेंडू घेऊन घुसली आणि तिला धक्का बसला. पंचांनी दोन फ्री थ्रो दिले. दोन्ही गेले तर बरोबरी आणि जादा वेळ, आणि जादा वेळेत त्या दमलेल्या मुलींचं काय झालं असतं हे हॉलमधल्या सगळ्यांना दिसत होतं.

पहिला गेला.

दुसऱ्याला हॉल शांत होता. बेल नाही, शिट्टी नाही, कुणी खोकलंही नाही. ताईने चेंडू दोनदा आपटला, गुडघा वाकवला, फेकला. तो कडीच्या मागच्या बाजूला लागला, वर गेला, कडीवर क्षणभर बसल्यासारखा झाला आणि बाहेर पडला. खांबने झेप घेतली, पण समोरचीचा हात आधी पोहोचला. वेळ संपली.

एका गुणाने.

वार्ताहरांसाठी हॉलशेजारच्या खोलीत टेबल मांडलं होतं. टेबलामागे साहेब, ताई आणि सर. टीम भिंतीशी उभी. ताईच्या डोळ्यांतलं पाणी आणि घाम एक झाले होते, त्यामुळे कुणाला काही दिसलं नाही. साहेबांनी तिच्याकडे झुकून हलकेच म्हटलं, "खुर्ची तुमचीच आहे." मग आवाज चढवला.

"आमच्या मुली शर्थीने लढल्या. पण प्रवासापुढे कुणाचं चालतं? सबंध दिवस बसमध्ये! म्हणूनच टीमचं स्थलांतर करण्याचा विचार मंडळ गांभीर्याने करत आहे. कॅप्टन स्वतःच सांगतील."

सगळे ताईकडे वळले.

"दुसरा फ्री थ्रो मी चुकवला," ताई म्हणाली.

"हो, पण तो थकव्यामुळे," साहेब म्हणाले.

"थकवा नाही. हात माझा, गुडघा माझा, नेम माझा. चुकला."

"कॅप्टन फार विनयशील आहेत."

"विनय कसला, साहेब? मी कबूल करतेय." ताईने पाण्याचा पेला बाजूला सारला. "आम्ही हरलो ते आमच्या हातांनी हरलो. ते हरणं आमचं आहे, ते मी बसच्या नावावर करणार नाही. बसने आम्हाला इथे सुखरूप आणलं. आपल्या मंडळाची बस रोज अख्ख्या गावाला कामावर नेते. नर्स उतरते ती इंजेक्शनं देते, गवंडी उतरतो तो भिंत बांधतो. बसमधून उतरलेलं माणूस निकामी असतं, असं मंडळ म्हणत असेल, तर ते तुम्ही सांगा. मी गाडीत तिकिटं फाडते. मला ते तोंड नाही."

मागच्या रांगेतल्या एका वार्ताहर बाईंनी मान वर केली. त्यांना तोपर्यंत या सामन्यात फारसा रस नव्हता. "अध्यक्षसाहेब, मंडळाची अधिकृत भूमिका काय? तुमच्या बसने प्रवास करणं आरोग्याला अपायकारक आहे?"

"छे छे! कोण म्हणतं? आमच्या गाड्या अत्यंत आरामदायी आहेत."

"मग टीम थकली कशाने?"

साहेबांची मान अवघडली होती. ती डॉक्टरांकडे वळवायला त्यांना सगळं अंगच वळवावं लागलं. "डॉक्टर सांगतील. त्यांनी मोजलंय."

डॉक्टरांनी घसा साफ केला. "मी प्रवासात आणि सामन्यात, दोन्ही वेळा मोजलं. या संघात थकवा सापडला नाही. माझ्यात सापडला."

खोली हसली. आणि भिंतीशी उभ्या असलेल्या खांबला राहवेना.

"आणि हे बरंय! सगळं ताईच्याच नावावर! पहिल्या सत्रात माझ्या हातून दोन सोपे चेंडू निसटले, ते कुणी लिहिलेत का?"

"दोन? मी भलतीकडेच पास दिला त्याचं काय?" खिडकी म्हणाली. "सरळ त्यांच्या हातात! त्यांनी थँक्यू म्हटलं मला!"

"माझा फाउल विसरलात," तिसरी म्हणाली. "इतका मूर्ख फाउल आजवर कुणी केला नसेल."

"ए, तुझ्यापेक्षा माझा मूर्ख होता."

वार्ताहर भराभर लिहीत होते. सामना हरल्यावर कोण कमी दोषी यावर भांडणाऱ्या टीम त्यांनी खूप पाहिल्या होत्या. जास्त दोषी कोण यावर भांडणारी ही पहिलीच. सरांनी खिशातून शिट्टी काढली, तिच्याकडे पाहिलं आणि ती परत ठेवली. "चुका यांच्या आहेत," ते म्हणाले. हे त्यांचं हंगामातलं सगळ्यांत लांब वाक्य होतं, आणि ते अजून संपलं नव्हतं. "त्या आमच्या हॉलमध्ये दुरुस्त होतील."

"म्हणजे स्थलांतर होणार की नाही?" वार्ताहर बाईंनी साहेबांना विचारलं. "कारण प्रवास तर आरामदायी आहे म्हणालात."

साहेबांनी ताईकडे पाहिलं. ताई त्यांच्याकडेच बघत होती. तिच्या चेहऱ्यावर तो भाव होता जो बिनतिकीट प्रवाशाला चांगला माहीत असतो: घाई नाही, राग नाही, पण उत्तर मिळाल्याशिवाय गाडी हलणार नाही.

"कसलं स्थलांतर?" साहेब म्हणाले. "कुणीतरी अफवा पसरवतं आहे."

क्रीडा अधिकाऱ्याची खुर्ची मग दुसऱ्या कुणालातरी मिळाली. ती फिरणारीच होती म्हणे.

सोमवारी ताई आपल्या पाळीला आपल्या गाडीवर होती. गुडघ्याला पट्टी, खांद्याला पिशवी. गाडी भरलेली. वर्तमानपत्राची घडी काखेत मारलेल्या एका गृहस्थांनी तिकीट घेताना तिला ओळखलं.

"तो शेवटचा फ्री थ्रो तुमचाच ना हो? जरा हळू फेकला असता तर..."

"हो, माझाच. मीच चुकवला. सुट्टे द्या."

"नाही, म्हणजे मी म्हणत होतो, एवढ्या लांबचा प्रवास, माणूस दमणारच. तुमची काही चूक नाही त्यात."

ताईने तिकीट फाडता फाडता हात थांबवला. "कुठून बसलात?"

"पहिल्या थांब्यावरून."

"उतरून कुठे जाणार?"

"कामावर. कुठे जाणार?"

"काम करणार ना? की साहेबांना सांगणार, बसने आलो, आज माझ्याकडून काही व्हायचं नाही?"

आजूबाजूचे हसले. गृहस्थही हसले, पण जरा ओशाळून.

"चूक माझी होती," ताईने तिकीट त्यांच्या हातावर ठेवलं. "ती माझीच राहू द्या. पुढच्या वर्षी आमच्या पोरी ती भरून काढतील, आमच्याच हॉलमध्ये सराव करून, याच बसने जाऊन. आता पुढे सरका. मागे लोक लटकलेत आणि तुम्ही दारात उभे राहून माझी कीव करताय."